ताईंच्या खोलीचा पिवळा

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही भांडत होता. नव्या घरातल्या तुमच्या खोलीला कोणता पांढरा लावायचा, यावरून. तुम्ही कॅमेऱ्यासमोर दोन कागद धरलेत आणि माझं मत विचारलंत. मी म्हटलं, "डावीकडचा." मागून तुमचे बाबा म्हणाले, "दोन्ही सारखेच आहेत," आणि विषय तिथेच संपला. नंतर मला वाटत राहिलं की आम्हा दोघांचीही उत्तरं अपुरी होती. जवळपास सारख्या दिसणाऱ्या दोन रंगांतून एक निवडणं ही आपल्या घरात एकदा फार महत्त्वाची गोष्ट झाली होती. तेव्हा तुम्ही फार लहान होता. आता स्वतःच्या भिंतींबद्दल भांडू लागला आहात, तर ती तुम्हाला सांगायला हरकत नाही. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, म्हणून सोपं आणि क्रमाने लिहिते. अडलं तर आईला विचारा. बाबांना विचारू नका, ते मधला भाग गाळतात.

तुमच्या आजोबांना एक मोठी बहीण होती. मी त्यांना ताई म्हणत असे. काटोलकडच्या एका गावात त्यांचं सासर होतं. मूलबाळ नव्हतं, यजमान बरेच आधी गेलेले. दिरांच्या मुलांची घरं शेजारी होती, पण ताई आपल्या घरात एकट्याच राहत आणि तसंच त्यांना आवडे. घराला चार उंच पायऱ्या, न्हाणीघर अंगणाच्या पलीकडे. पावसाळ्याच्या शेवटी त्या त्याच अंगणात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं. दवाखान्यातून आम्ही त्यांना नागपूरलाच बेसा भागातल्या आपल्या घरी आणलं, मागच्या खोलीत. डॉक्टरांनी आजोबांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की आता त्या घरात त्यांनी एकटं राहू नये. पुन्हा पडल्या तर उठायच्या नाहीत.

आजोबांनी हे मला सांगितलं. बहिणीला सांगायचं मात्र त्यांच्याने होईना. लहानपणी ताईंनीच त्यांना कडेवर घेऊन वाढवलेलं. "तिला 'तू इथेच राहा' असं मी कसं सांगू? ती म्हणेल, मी काय निराधार आहे?" असं ते म्हणत आणि पेपर उघडून बसत.

ताई मात्र पाहुण्यासारख्या राहत होत्या. आपल्याकडे लग्न झालेली मुलगी भावाच्या घरी येते ती पाहुणी म्हणूनच. तिला वाढलेलं ती जेवते, दिलेलं नेसते, आणि घरात हे असं का, ते तसं का, असं विचारत नाही. ताईंच्या पिढीने हे फार काटेकोरपणे पाळलं. त्या फ्रिजमधलं पाणी घ्यायचं तरी विचारत. भाजीत मीठ कमी असलं तरी "छान झाली" म्हणत. मी कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून दिले होते, पण त्यांची लुगडी पलंगाखालच्या पिशवीतच होती, घडी घालून, निघायच्या तयारीत. दर आठवड्याला त्यांच्या पुतण्याचा गावाहून फोन येई, "काकू, कधी येऊ न्यायले?" आणि त्या म्हणत, "दिवाळी होऊ दे. मंग पाहू."

दिवाळी झाली. पुतण्याने पुढच्या रविवारच्या पुढचा रविवार ठरवला. ताई वॉकर घेऊन खोलीपासून अंगणापर्यंत जाऊ लागल्या होत्या, म्हणजे कारणही उरलं नव्हतं.

त्याच सुमाराला एक दिवस शेजारच्या वहिनी त्यांना भेटायला आल्या. मी चहा घेऊन जात होते. ताई त्यांना म्हणत होत्या, "सगळं चांगलं हाय वं बाई. भाऊ चांगला, त्याची बायको चांगली. फक्त ह्या भिंती पाह्यल्या का मले दवाखान्यातच असल्यासारखं वाटते."

खोली पांढरी होती, निळसर पांढरी, वर ट्यूबलाइट. तोवर मला ती स्वच्छ वाटत होती.

मी आजोबांना म्हटलं, "आपण खोली रंगवू."

"आता? ती तर जाणार आहे."

"म्हणूनच."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. पटलं की ते असंच करतात.

रंगारी मिळाला, कारण दिवाळीनंतर त्यांच्याकडे कामं कमी असतात. तो शेडकार्ड घेऊन आला. पिवळ्यातला फिका रंग घ्यायचा हे मी आधीच ठरवलं होतं. ताईंच्या गावच्या घराच्या भिंती पिवळसर होत्या. दरवर्षी दसऱ्याच्या आधी त्या कळीचा चुना विरवत, त्यात पिवडी, म्हणजे बाजारात मिळते ती पिवळी माती, आणि थोडा डिंक घालत आणि एका बाईला मदतीला घेऊन स्वतः भिंती सारवल्यासारख्या रंगवत. पण शेडकार्डावर फिके पिवळे अकरा का बारा निघाले. त्यातले दोन मी बाजूला काढले. एकाचं नाव होतं 'बटरमिल्क', दुसऱ्याचं 'प्रिमरोझ'. मी कॉलेजात कित्येक वर्षं कवितांमधलं प्रिमरोझ शिकवलं, फूल मात्र कधी पाहिलं नाही. त्यामुळे नावाचा उपयोग नव्हता. बटरमिल्क किंचित फिका होता आणि प्रिमरोझ किंचित गडद. फरक इतकाच की दोन्ही शेजारी ठेवले तरच दिसावा.

आजोबांनी दोन्ही पट्ट्या खिडकीशी नेऊन पाहिल्या. "हा एकच रंग आहे," ते म्हणाले. "कंपनीने दोन नावं देऊन ठेवली आहेत."

मी रंगाऱ्याकडून दोन्हीचे छोटे डबे मागवले आणि खोलीच्या दाराआडच्या भिंतीवर दोन चौकोन मारायला सांगितले. दार उघडं असलं की तो भाग झाकला जातो, म्हणजे नापसंत चौकोन उगीच डोळ्यांसमोर राहणार नाही. डावीकडे बटरमिल्क, उजवीकडे प्रिमरोझ. मग मी ताईंना आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"ताई, यातला कोणता लावू?"

"मले काय विचारता वं? घर तुमचं, भिंती तुमच्या."

"खोलीत तुम्ही राहता ना."

"किती दिवस? रविवार आला का मी चालली. तुम्हीच पाहा. तुम्ही शिकलेल्या."

आजोबा खिडकीशी उभे होते. एरवी आमच्याशी ते शहरातलं मराठी बोलतात, पण बहिणीशी बोलताना आपोआप गावचे होतात. "अवं ताई, सांग ना. तुले कोणता आवडला?"

"भाऊ, तू गप राह्य. माहेरच्या भिंतीले बहीण रंग सांगते का कुठं?"

"सांगते की. काहून नाही सांगत?"

"तुह्या बायकोले विचार. तिनं घर बांधलं."

यात टोमणा नव्हता, पण विषयाचा शेवट होता. त्या पलंगावर जाऊन बसल्या. मी रंगाऱ्याला म्हटलं, दुपारी कळवते. त्याला घाई होती. तो म्हणाला, "मॅडम, आज फायनल करून टाका, उद्या माझा माणूस दुसरीकडं लागते."

आता तुम्हाला कळलं असेल की मला रंगाची चिंता नव्हती. जो माणूस भिंतीचा रंग सांगतो, तो त्या घरात राहतो. ज्याला रविवारी जायचं आहे, तो सांगत नाही. ताईंच्या तोंडून 'हा' एवढा एक शब्द निघावा, एवढंच मला हवं होतं, आणि माझ्याकडे दुपारपर्यंतचा वेळ होता.

जेवण झाल्यावर त्या खोलीत गेल्या. मी संत्री सोलून ताटलीत घेऊन गेले. त्यांच्याच गावची संत्री, पुतण्याने एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलेली. दार अजून लोटलेलं होतं. चौकोन पूर्ण वाळले नव्हते. रंगाऱ्याने जेवायला जाण्याआधी त्यांवरून ब्रशचा दुसरा हात फिरवला होता, त्यामुळे ओले चकाकत होते. ताई बराच वेळ तिकडे पाहत होत्या. मग त्यांनी ताटलीतली एक साल उचलली आणि तिची आतली बाजू माझ्याकडे केली.

"माह्या घरी असा रंग येते," त्या म्हणाल्या. संत्र्याच्या सालीची आतली बाजू पाहिली आहे ना तुम्ही? पांढरी असते, पण पांढरी म्हणता येत नाही. "ओला असला का असा वरणासारखा दिसते. वाळला का उजळते."

मी संत्र्याच्या फोडी वेगळ्या करत राहिले. बोलले असते तर त्या थांबल्या असत्या.

"मले वाटते," त्या म्हणाल्या, "तो उजवीकडचा. आता जास्त दिसून राहिला, पण वाळल्यावर फिका पडन. डावा त वाळला का पांढराच होईन. मंग दवाखाना झाला पुन्हा."

त्यांनी रंग सांगितला, आणि त्याच क्षणी मला कळलं की काय चुकलं. चुना ओला असताना गडद दिसतो आणि वाळताना उजळतो. ताईंनी आयुष्यभर चुनाच पाहिला होता. प्लास्टिक पेंटचं उलटं असतं, ओला असताना फिका आणि वाळल्यावर गडद. आपल्या स्वयंपाकघराच्या वेळी मी हे अनुभवलं होतं. म्हणजे ताईंना सालीच्या आतल्या बाजूसारखा रंग हवा होता, तो त्यांना डावीकडच्या बटरमिल्कने मिळणार होता. आणि त्यांनी निवडला होता उजवीकडचा प्रिमरोझ, जो वाळून वरणाच्या रंगाचा होणार होता.

मी बाहेर येऊन आजोबांना सगळं सांगितलं.

"मग सांग तिला, की उलटं असतं."

"सांगितलं तर त्या म्हणतील, म्हणूनच म्हटलं मला विचारू नका. आणि पुन्हा कधी तोंड उघडणार नाहीत."

"मग तिने सांगितलेला लाव."

"आणि मग रोज सकाळी उठून त्या नको असलेला रंग पाहतील आणि 'छान झाला' म्हणतील."

आजोबांनी पुन्हा चष्मा पुसला, पण या वेळी पटलं म्हणून नाही. मी विचार केला आणि मला व्यवस्थित वाटलेला मार्ग काढला. ताईंना मनातून हवा होता तोच रंग द्यायचा. रंगाऱ्याला मी हळूच बटरमिल्क सांगितला. खोलीला पहिला हात बटरमिल्कचा लागेल, वाळेल, ताईंना तो त्यांच्या गावच्या भिंतीसारखा दिसेल आणि आपणच निवडला असं वाटेल. डबे रंगाऱ्याच्या पोत्यात राहिले असते. कुणाचं नुकसान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई हॉलमध्ये दिवाणावर होत्या आणि रंगाऱ्याने खोलीला पहिला हात दिला. दारामागचा भाग तेवढा त्याने ठेवला, कारण दार काढून ठेवायचं त्याला जिवावर आलं होतं. तो म्हणाला, दुसऱ्या हाताच्या वेळी करतो. ते मला माहीत होतं, पण त्यात काही अडचण आहे असं माझ्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी रंग वाळला. ताई खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, वॉकरवर दोन्ही हात, आणि खूप वेळ पाहत होत्या. "बरा झाला," त्या म्हणाल्या. "पाह्य, म्हटलं होतं ना फिका पडन." आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डाळ पाहायला स्वयंपाकघरात गेले.

थोड्या वेळाने त्यांना लुगडं बदलायचं होतं. पिशवी खोलीतच होती. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

दार लावलं की दारामागचे दोन चौकोन समोर येतात. एव्हाना दोन्ही पूर्ण वाळले होते. डावा, आणि खोलीच्या रंगवलेल्या बाकी भिंती, हुबेहूब एक. उजवा वेगळा. त्याचा चांगला वरणाचा रंग झाला होता.

दार उघडलं. लुगडं बदललेलं नव्हतं.

"भाऊ," ताईंनी हाक मारली. आजोबा हॉलमधून उठून गेले. मी मागून.

"हा कोणी लावला?"

"कोणता वं ताई?"

"हा. भिंतीवरचा. मी उजवा सांगतला होता. हा डावा हाय."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मी पुढे झाले. "ताई, तुम्हाला फिका हवा होता ना? हा रंग चुन्यासारखा नसतो. वाळल्यावर गडद होतो. बघा ना, उजवा किती गडद झाला. म्हणून मी डावा लावला. तुम्हाला हवा तसाच आला."

"ते मले आता दिसून राहिलं. डोळे हायेत मले." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याशी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. "तुम्हाले माहीत होतं त तेव्हाच काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही मग निवडलाच नसता."

"नसता निवडला. नाहीतर हा निवडला असता. नाहीतर तोच लावा म्हटलं असतं. तुम्हाले काय करायचं? मले विचारलं, मी सांगतलं. बिघडला असता त माहा बिघडला असता."

मी आजही म्हणेन की बटरमिल्कच चांगला होता. पण त्या वेळी हे म्हणण्यात अर्थ नव्हता.

"म्याडम हाय ना," त्या आजोबांना म्हणाल्या, आणि हा मात्र नक्की टोमणा होता. "सगळ्यायचा पेपर हिनंच तपासायचा. अन् मार्कही हिनंच द्यायचे. मी पास का नापास, ते बी मले नाही सांगायचं."

आजोबा हसू लागले. आम्ही दोघींनी रागावून पाहिलं तरी त्यांना थांबता येईना. ते पलंगावर बसले आणि डोळे पुसू लागले.

"काय झालं गा तुले?" ताई म्हणाल्या.

"काही नाही. तू भांडून राहिली."

"मंग?"

"आल्यापासून सगळं छान छानच चाललं होतं तुह्यं. भाजी छान, चहा छान. मले वाटलं तू पाहुणी हायेस."

ताई वॉकर खणकन खाली ठेवून आजोबांच्या शेजारी बसल्या. "भाजीत मीठ नसते हिच्या," त्या म्हणाल्या. "अन् दाळीत हिंग. माह्या तोंडाची चव गेली."

मी म्हटलं, "मग सांगायचं ना."

"आता सांगतलं."

दुसरा हात कोणत्या रंगाचा द्यायचा यावर रात्रीच्या जेवणापर्यंत बोलणं चाललं. मी म्हटलं, उरलेलं सगळं प्रिमरोझ करू, तुम्ही सांगितला होता तो. ताई म्हणाल्या, नाही, तीन भिंतींना आता लागलेलाच राहू दे, तो चांगला आला आहे. पलंगासमोरच्या एका भिंतीला त्यांचा उजवीकडचा लावायचा. मी म्हटलं, एका खोलीत दोन जवळजवळचे पिवळे चुकल्यासारखे दिसतील, कुणालाही वाटेल की डबा कमी पडला. ताई म्हणाल्या, "मले वाटणार नाही. बाकी कोण येते ह्या खोलीत?" आजोबा म्हणाले, त्यांना दोन्ही पिवळे एकच दिसतात, त्यामुळे त्यांचं मत धरू नये. हे त्यांनी पहिल्यांदा शहाणपणाचं सांगितलं.

रंगारी दुसऱ्या दिवशी आला तेव्हा ताई स्वतः खुर्ची टाकून खोलीत बसल्या. त्या भिंतीचा रंग डब्यातून काढताना त्याने त्यांना झाकण दाखवायचं, असं ठरलं होतं. दोन वेळा त्यांनी त्याला कोपरा नीट करायला सांगितलं. "आजी, तुमी त साइट इंजिनिअर निघाल्या," तो म्हणाला, आणि कोपरा केला.

शनिवारी संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. फोन कानाला लावून ताईंना नीट ऐकू येत नसे, म्हणून मी स्पीकर चालू केला.

"काकू, उद्या सकाळच्या एसटीनं येतो. तयारी करून ठेवा."

"ये. पण मले न्यायले नको येऊ."

"मंग काहून येऊ?"

"माहा पलंग घेऊन ये. इथला मऊ हाय, कंबर दुखते."

"काकू, एसटीत पलंग कसा आणू?"

"टेम्पो कर. अन् येताना घरून संत्र्याची पेटी आण, ही फोडी लई मोजून देते."

आजोबा बाल्कनीत गेले. मी ताईंच्या पिशवीतली लुगडी काढून कपाटात लावायला घेतली. त्या म्हणाल्या, वरच्या कप्प्यात नको, हात पोचत नाही, खालच्यात लाव. मी खालच्यात लावली.

पलंग रविवारी संध्याकाळी टेम्पोतून आला. ताईंनी तो गडद भिंतीकडे तोंड येईल असा लावून घेतला. त्यानंतर त्या आपल्या घरी बरीच वर्षं राहिल्या. भाजीत मीठ किती घालायचं यावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. तुम्ही भारतात आला होता तेव्हा त्यांनी तुम्हाला मांडीवर घेतलं होतं, पण ते तुम्हाला आठवत नसेल. दोन हिवाळ्यांपूर्वी त्या गेल्या, त्याच खोलीत, दुपारी झोपेत.

त्या गेल्यावर तीन भिंतींना ओल आली, म्हणून त्या खरवडून नव्याने रंगवल्या. ताईंनी निवडलेली भिंत कोरडी आहे. तिचा रंग तोच आहे.